फोर्ड मॉडेल टी: यंत्ररचना आणि बांधणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्डच्या मॉडेल टीचं नाव निघालं की बोलणं लगेच कारखान्याकडे वळतं. सरकती जुळणी (असेंब्ली लाइन), कामगारांना पाच डॉलर रोज, काळा रंग. गाडी स्वतः कशी होती हे फारसं कुणी विचारत नाही. पण सरकती जुळणी सुरू झाली तेव्हा ही गाडी रस्त्यावर येऊन पाच वर्षं झाली होती आणि मागणी पुरी करता करता कंपनीची दमछाक होत होती. माझ्या मते कारखान्याने गाडी मोठी केली नाही, गाडीने कारखाना मोठा केला. म्हणून ही उत्तरं कारखान्यापेक्षा गाडीच्या पोटात जास्त शिरतात.

मॉडेल टी कधी आली आणि कुणी घडवली?

१ ऑक्टोबर १९०८ रोजी ती बाजारात आली. तिची आखणी डेट्रॉइटच्या पिकेट अव्हेन्यूवरच्या कारखान्यात झाली. तिथे वरच्या मजल्यावर एक खोली बंद करून घेतली होती, आत मोठा फळा होता. हेन्री फोर्ड कल्पना सांगायचा आणि हंगेरीहून आलेला जोसेफ गलांब ती फळ्यावर उतरवायचा. धातूंची बाजू चाइल्ड हॅरॉल्ड विल्सने सांभाळली, तर मॅग्नेटोवर, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागावर, स्पायडर हफने काम केलं. एकट्या फोर्डचं नाव घेतलं जातं ते या माणसांवर अन्याय करणारं आहे. मात्र काय ठेवायचं आणि काय गाळायचं हा शेवटचा शब्द फोर्डचाच होता, आणि या गाडीत गाळलेल्या गोष्टींनाच जास्त महत्त्व आहे.

२६ मे १९२७ रोजी दीड कोटी क्रमांकाची गाडी बाहेर पडली आणि उत्पादन थांबलं. मधल्या १९ वर्षांत यंत्राची मूळ रचना जवळपास तीच राहिली.

जगातली पहिली मोटार हीच का?

नाही. कार्ल बेंझने जर्मनीत तीनचाकी मोटारीचं पेटंट १८८६ साली घेतलं होतं. खुद्द फोर्डनेही टीच्या आधी ए पासून एस पर्यंतची अक्षरं वापरून कितीतरी मॉडेलं आखली होती. टी वेगळी ठरली ती पहिली असल्यामुळे नव्हे. खेड्यातल्या कच्च्या रस्त्यावर टिकेल, शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करता येईल आणि तरी परवडेल, असा मेळ तोवर कुणी घातला नव्हता.

इंजिन कसं होतं?

एका ओळीत चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास पावणेचार इंच आणि दट्ट्याचा (पिस्टनचा) प्रवास चार इंच. एकूण आकारमान सुमारे २,९०० सीसी आणि ताकद मिनिटाला १,६०० फेऱ्यांना २० हॉर्सपॉवर. आज एवढ्या सीसीचं इंजिन याच्या कित्येक पट ताकद देतं, त्यामुळे आकडा वाचून लोक हसतात. पण हे इंजिन फेऱ्यांवर नव्हे, खेचण्यावर चालणारं होतं. सिलिंडरमधलं मिश्रण दाबण्याचं प्रमाण चार-साडेचारास एक इतकंच ठेवलं होतं, म्हणून त्या काळचं कसलंही हलक्या प्रतीचं पेट्रोल त्याला चालायचं.

खरी हुशारी ओतकामात होती. त्या वेळी बरेच कारखानदार सिलिंडर एकेकटे किंवा जोडीजोडीने ओतत आणि मग खालच्या भागावर बोल्टने बसवत. टीमध्ये चारही सिलिंडर आणि क्रँकशाफ्ट (दट्ट्यांच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) धरणारा वरचा भाग हे सगळं बिडाचं एकच ओतीव काम होतं. सांधे कमी, म्हणजे गळती कमी आणि कारागिरांचे तासही कमी. वरचं हेड मात्र वेगळं, बोल्टने आवळलेलं. एकदा बोल्ट काढले की दट्ट्यांचे माथे आणि व्हॉल्व्ह समोर उघडे. काजळी खरवडायची, व्हॉल्व्ह घासून बसवायचे, हेड परत आवळायचं. हे काम शेतकरी आपल्या गोठ्याच्या दारात करू शके.

काटकसर कुठवर गेली होती त्याचं एक उदाहरण. व्हॉल्व्ह आणि त्याला उचलणारा दांडा यांच्यातलं अंतर जुळवायला बहुतेक इंजिनांत स्क्रू असतो. टीमध्ये तो नव्हताच. अंतर कमी झालं तर व्हॉल्व्हचा दांडा टोकाला थोडा घासायचा. कारखान्याच्या दृष्टीने प्रत्येक इंजिनामागे आठ स्क्रू वाचले.

उणी बाजूही सांगायला हवी. क्रँकशाफ्ट सव्वा इंच जाडीच्या जर्नलांवर (बेअरिंगमध्ये बसणाऱ्या भागांवर) फिरे आणि त्याला फक्त तीन मुख्य बेअरिंगं होती. इंजिन दामटून पळवलं तर शाफ्ट लवायचा, आणि बरीच वर्षं वापरलेल्या गाडीत तो मोडल्याचीही उदाहरणं आहेत.

ऑइल पंप नव्हता, मग तेल कसं फिरायचं?

फ्लायव्हील (क्रँकशाफ्टच्या टोकाचं जड चाक) आणि गिअर एकाच बंद पेटीत, इंजिनाच्याच तेलात फिरत. फ्लायव्हील फिरताना तेल वर उडवायचं. त्यातलं थोडं एका नरसाळ्यासारख्या तोंडात पडायचं आणि तिथून एका बारीक नळीने इंजिनाच्या पुढच्या टोकाला पोचायचं. तिथून ते उताराने परत मागे येताना वाटेतल्या खळग्यांत साठे, आणि दट्ट्यांना क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची टोकं त्यात बुडून तेल उधळत. लांब चढणीवर तेल मागे जमा व्हायचं आणि पुढच्या सिलिंडरचा रॉड कोरडा पडण्याची भीती असायची.

तेल बघायला पट्टी नव्हती. इंजिनाखालच्या तळाला मागच्या बाजूने एकावर एक दोन छोट्या चकल्या, म्हणजे तोट्या, होत्या. वरची उघडून तेल आलं तर ठीक. खालचीतूनही आलं नाही, तर गाडी हलवायची नाही. त्यासाठी गाडीखाली सरपटत जावं लागे, आणि बरेच मालक तिथेच आळस करत.

आणि पाणी?

सुरुवातीच्या सुमारे २,५०० गाड्यांना पाण्याचा पंप होता, पुढे तो काढला. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं आणि थंड झालेलं खाली उतरतं, एवढ्यावर पुढचं सगळं चाललं. त्यासाठी रेडिएटर उंच आणि वरचा पाइप जाडजूड ठेवला. घाटात पाणी उकळायचं हे खरं, पण पंपाचं सील गळण्याचा प्रश्नच उरला नाही.

बॅटरी नसताना ठिणगी कुठून यायची?

या गाडीतला माझा सर्वांत आवडता भाग हाच. फ्लायव्हीलच्या चकतीवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे १६ लोहचुंबक स्क्रूने बसवलेले असत. त्यांच्यासमोर, अगदी थोडं अंतर ठेवून, तांब्याच्या पट्टीची १६ वेटोळी एका स्थिर कड्यावर. इंजिन फिरलं की चुंबक वेटोळ्यांसमोरून जात आणि वीज तयार होई. फ्लायव्हील तर इंजिनाला हवंच असतं. त्याच जड चाकाला वीजनिर्मितीचं काम लावल्यावर वेगळी साखळी नको, पट्टा नको, वेगळं बेअरिंगही नको. तेच चाक तेलही उडवत होतं, म्हणजे एका भागाकडे तीन कामं.

ही वीज कमी दाबाची असे. ती लाकडी पेटीतल्या चार कॉइलकडे जाई, प्रत्येक सिलिंडरला एक कॉइल. प्रत्येक कॉइलवर स्प्रिंगची एक पातळ पट्टी असते. विजेने ती खेचली जाते, संपर्क तुटतो, पट्टी परत येते, पुन्हा जोडली जाते, हे फार झपाट्याने चालू राहतं. त्यामुळे प्लगमध्ये एकच ठिणगी न पडता ठिणग्यांची सर पडते. चालू गाडीच्या जवळ उभं राहिलं की त्या पट्ट्यांची गुणगुण स्पष्ट ऐकू येते. कुठल्या कॉइलची पाळी, हे इंजिनाच्या पुढच्या टोकाला बसवलेला टायमर ठरवतो. आत एक रोळ फिरतो आणि एकामागून एक चार संपर्कांना टेकतो. टायमरमधलं तेल घट्ट झालं किंवा कचरा गेला की इंजिन अडखळायला लागे. चांगल्या मालकाला तो डोळे मिटून साफ करता येत असे.

१९१५ पासून पुढचे दिवेही याच मॅग्नेटोवर चालू लागले. त्याआधी पुढे ॲसिटिलीन गॅसचे दिवे आणि बाजूला रॉकेलचे. मॅग्नेटोवरच्या दिव्यांची गंमत अशी की इंजिन वेगात असलं की लख्ख उजेड, आणि खड्ड्यापाशी वेग कमी केला, म्हणजे जेव्हा नीट दिसायला हवं तेव्हा, दिवे मंद.

तीन पेडल होती म्हणतात. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर ना?

इथेच सगळे फसतात. ॲक्सिलरेटर पायाशी नव्हताच. स्टिअरिंगच्या खाली उजव्या हाताला एक छोटा दांडा, तो पेट्रोलचा. डाव्या हाताला तसाच दुसरा, ठिणगी लवकर की उशिरा पडावी हे ठरवणारा.

डावं पेडल पूर्ण दाबलं की पहिला गिअर. अर्ध्यावर धरलं की न्यूट्रल. पूर्ण सोडलं की वरचा गिअर. मधलं पेडल रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. शिवाय डाव्या बाजूला एक उभा दांडा. तो पूर्ण मागे ओढला की मागच्या चाकांचे ब्रेक लागत आणि क्लचही सुटा राही. दांडा पुढे ढकलल्याशिवाय वरचा गिअर लागत नसे. अगदी सुरुवातीच्या काही शे गाड्यांत मात्र दोन पेडल आणि दोन दांडे होते.

आजच्या चालकाला हे उलटसुलट वाटतं. पण १९०८ साली बहुतेक खरेदीदारांनी आधी कुठलीच मोटार चालवलेली नव्हती. दात एकमेकांवर खरखरवत गिअर सरकवण्याची कसरत त्यांना शिकावीच लागली नाही. चिखलात रुतलेली गाडी काढायला तर याहून सोपी रचना मला माहीत नाही. डाव्या पायाने पुढे, दुसऱ्या पायाने मागे, पुन्हा पुढे, असं झुलवत गाडी बाहेर काढता येते.

हा गिअरबॉक्स आतून कसा चालतो?

याला ग्रहमाला पद्धतीचा गिअर म्हणतात. फ्लायव्हीलच्या मागच्या अंगाला तीन खुंट्या आहेत. प्रत्येक खुंटीवर तीन दातेरी चाकं एकत्र रिव्हेट करून एकच केलेली, ३३, २७ आणि २४ दातांची. मध्यभागी एकाच अक्षावर तीन स्वतंत्र चाकं: २१ दातांचं पहिल्या गिअरचं, २७ दातांचं मागे चाकांकडे ताकद नेणारं, आणि ३० दातांचं रिव्हर्सचं. जोड्या बघा. ३३ आणि २१, २७ आणि २७, २४ आणि ३०. प्रत्येक जोडीची बेरीज ५४. ती सारखी असायलाच हवी, कारण तिन्ही जोड्यांच्या अक्षांमधलं अंतर एकच आहे.

आता डावं पेडल दाबलं की कापडी अस्तराचा एक पट्टा पहिल्या गिअरच्या ड्रमभोवती आवळला जातो आणि २१ दातांचं चाक थांबतं. फ्लायव्हील फिरतच असतं, त्यामुळे खुंट्यांवरची चाकं त्या थांबलेल्या चाकाभोवती घरंगळत जातात. फ्लायव्हीलच्या एका फेरीत मधलं २७ दातांचं चाक किती फिरेल? एक वजा एकवीस तेहेतिसांश, म्हणजे ०.३६४. इंजिनाच्या पावणेतीन फेऱ्यांना एक फेरी. हाच पहिला गिअर.

मधलं पेडल दाबलं तर ३० दातांचं चाक थांबतं. आता एक वजा तीस चोविसांश, म्हणजे उणे ०.२५. उत्तर उणे आलं, याचा अर्थ चाक उलटं फिरणार, इंजिनाच्या चार फेऱ्यांना एक. रिव्हर्ससाठी वेगळं मधलं चाक घालावं लागलं नाही, दातांचा हिशेबच ते काम करून टाकतो. कॉलेजात गिअरचं गणित शिकवताना हे एक उदाहरण घेतलं तर पुरे, असं मला मनापासून वाटतं.

वरच्या गिअरमध्ये पट्टे सगळे सैल आणि तेलात बुडालेला बऱ्याच पोलादी चकत्यांचा क्लच घट्ट. इंजिन आणि मागचा शाफ्ट एकास एक. मागच्या धुऱ्यावर ११ आणि ४० दातांची जोडी आहे. ३० इंची चाक धरून १,६०० फेऱ्यांना हिशेब केला तर वेग ताशी सुमारे ६३ किलोमीटर येतो. गाडीचा खरा पळण्याचा वेग ६५ ते ७० च्या आसपासच होता.

दोष एकच, पण रोजचा. पट्ट्यांचं सुती अस्तर झिजायचं, पट्टे वरचेवर आवळावे लागत आणि काही काळाने अस्तर बदलावं लागे. अस्तराचे धागे तेलात मिसळून ती बारीक नळी तुंबायची, हा त्याचाच जोडधंदा.

गाडी चढावर उलटी चढवत, हे खरं का?

खरं. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली होती आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे) केवळ उताराने जाई. चढ फार तीव्र असला आणि टाकीत पेट्रोल कमी असलं की कार्बोरेटर टाकीच्या पातळीला किंवा वर जायचा आणि पुरवठा थांबायचा. गाडी वळवून रिव्हर्समध्ये घेतली की टाकी वर आणि इंजिन खाली. त्यात रिव्हर्सचा गिअर पहिल्यापेक्षाही जास्त खेचणारा, हे वरच्या हिशेबात आलंच आहे. १९२६ च्या सुधारित गाड्यांपैकी बहुतेकींत टाकी काचेच्या पुढे, उंचावर नेली आणि ही अडचण संपली.

पेट्रोलचा काटा नव्हता. पुढच्या माणसांना उठवायचं, सीट उचलायची, टाकीत काठी बुडवून बघायची.

एवढी हलकी गाडी तेव्हाच्या रस्त्यांवर टिकली कशी?

तिने रस्त्याशी झुंज घेतली नाही, म्हणून. त्या काळच्या मोठ्या गाड्या जाड चौकट घालून खड्ड्यांना टक्कर देत. टी वाकायची, पिळायची आणि परत सरळ व्हायची.

पुढे एक आणि मागे एक, असे दोनच पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), तेही आडवे. प्रत्येक पाटा चौकटीला फक्त मध्यभागी घट्ट, टोकं धुऱ्याला. पुढचं चाक फूटभर वर चढलं तरी तो पीळ चौकटीत फारसा उतरत नाही, कारण धुरा पाट्याभोवती तिरका होऊ शकतो. पुढचा धुरा मागेपुढे जाऊ नये म्हणून व्ही आकाराची दांड्यांची जोडी मागे येऊन इंजिनाखाली एका गोल सांध्यात बसते. मागेही तशीच कल्पना: शाफ्ट एका नळीत बंद, आणि नळी पुढे एकाच सांध्यात. इंजिनसुद्धा चौकटीवर तीन जागी टेकवलेलं. तिपाई उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही, तसं हे. चौकट पिळली तरी इंजिनाच्या बिडावर ताण येत नाही आणि ते तडकत नाही.

जमिनीपासून गाडी सुमारे दहा इंच उंच होती. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ५६ इंच, कारण घोडागाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या तेवढ्या अंतराच्या असत. अमेरिकेच्या दक्षिणेकडे चाकोऱ्या ६० इंचांच्या होत्या, तर तिथल्या गिऱ्हाइकाला काही वर्षं ६० इंचांची गाडी मिळे. रस्ता बघून गाडी आखली म्हणजे काय, ते एवढ्या एका गोष्टीतून कळतं.

व्हॅनेडियम पोलादाचं एवढं कौतुक का?

पोलादात व्हॅनेडियम हा धातू थोडासाच मिसळला तरी ते जास्त ताण सोसतं आणि वारंवार धक्के खाऊनही लवकर थकत नाही. म्हणजे तेवढ्याच मजबुतीसाठी भाग बारीक करता येतो. धुरे, पाटे, क्रँकशाफ्ट, गिअर अशा जागी ते वापरलं गेलं. विल्सने ओहायोतल्या कँटनच्या एका पोलाद कंपनीकडून ते बनवून घेतलं. महाग पोलाद आणि स्वस्त गाडी यात विरोध दिसतो, पण भाग हलके झाले म्हणून गाडी हलकी झाली, सुरुवातीच्या गाडीचं वजन जेमतेम साडेपाचशे किलो. हलकी गाडी ओढायला २० हॉर्सपॉवरचं साधं इंजिन पुरलं. इंजिन आणि गिअरची तळपेटी, मागच्या धुऱ्याचं आवरण हे भाग दाबून घडवलेल्या पत्र्याचे होते. जिथे इतर जड ओतकाम करत तिथे पत्रा, आणि जिथे खरा ताण तिथे उत्तम पोलाद.

ब्रेक कसे होते?

आजच्या नजरेने बघाल तर कमकुवत. पुढच्या चाकांना ब्रेक नव्हतेच. उजवं पेडल गिअरबॉक्समधल्या ड्रमवर पट्टा आवळे, आणि ती अडवणूक शाफ्ट व मागच्या धुऱ्यातून चाकांपर्यंत जाई. वाटेतला कुठलाही भाग तुटला की पायाचा ब्रेक गेला. हाताच्या दांड्याने मागच्या चाकांतले ब्रेक लागत, पण ते मुख्यतः गाडी उभी ठेवण्यापुरते. जाणते चालक लांब उतारावर आळीपाळीने तिन्ही पेडल वापरत, म्हणजे झीज तिन्ही पट्ट्यांत वाटली जाई. हो, चालत्या गाडीत रिव्हर्सचं पेडल हलकेच दाबणं हाही एक ब्रेकच होता.

हँडल मारताना हात मोडायचे, हे कितपत खरं?

पूर्ण खरं, आणि आजही लागू आहे. इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारताना ठिणगीचा डावा दांडा वर, म्हणजे उशिराच्या जागी, असायलाच हवा. तो विसरला तर दट्ट्या वर येण्याआधीच स्फोट होतो, इंजिन उलटं फिरतं आणि हँडल मनगटावर येतं. म्हणून अंगठा मुठीत न गुंफता बाकी बोटांच्याच बाजूला ठेवतात, आणि हँडल खालून वर ओढतात, वरून खाली कधीच दाबत नाहीत. रेडिएटरजवळ तारेची एक कडी असते, ती ओढून चोक लावायचा, पाव फेरीचे दोन-तीन झटके देऊन पेट्रोल आत घ्यायचं, मग ठिणगी चालू करून एक जोरदार ओढ.

थंडीत आणखी एक फजिती. गार तेल क्लचच्या चकत्यांमध्ये चिकटून बसे आणि न्यूट्रलमध्येही गाडी थोडी ओढली जाई. इंजिन सुरू झालं की गाडी हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर सरकायची. त्यावर उपाय म्हणून लोक मागचं एक चाक जॅकवर उचलून ठेवत.

१९१९ पासून बॅटरीवरचा स्टार्टर मिळू लागला, पण पुढेही बराच काळ साध्या उघड्या गाडीला तो जादा पैसे मोजूनच घ्यावा लागे.

गाडी फक्त काळ्याच रंगात मिळायची का?

१९१४ ते १९२५ या काळात, हो. पहिल्या वर्षांत राखाडी, लाल, हिरव्या गाड्या होत्या, पुढे निळ्या आल्या, आणि १९२६ मध्ये रंग परतले. काळा रंग सर्वांत लवकर वाळतो म्हणून तो निवडला, असं सगळीकडे लिहिलेलं आढळतं. ते पटण्यासारखं नाही. डांबराच्या जातीचा तो काळा लेप भट्टीत भाजून पक्का होई, स्वस्त होता आणि टिकाऊ होता, हे कारण जास्त सबळ आहे.

सांगाडा बहुतेक काळ लाकडी आणि त्यावर पत्रा. चाकांचे आरे हिकरीच्या लाकडाचे.

सरकत्या जुळणीमुळे गाडीच्या रचनेत काय बदललं?

फार नाही, आणि मुद्दा तोच आहे. १९१० मध्ये काम हायलंड पार्कच्या नव्या कारखान्यात गेलं. १९१३ च्या वसंतात प्रथम मॅग्नेटोची जुळणी सरकत्या रांगेवर आली. एका माणसाने पूर्ण मॅग्नेटो जोडण्याऐवजी प्रत्येकाने एकदोन कामं करून ते पुढे ढकलायचं. त्याच वर्षी चौकटीची जुळणीही तशी झाली, आणि साडेबारा तासांचं काम १९१४ मध्ये ९३ मिनिटांवर आलं. कानस न लावता भागात भाग बसत होता म्हणूनच हे जमलं. कमी तुकडे, एकाच ओतकामात इंजिन, दोन पाटे, या सगळ्याचा फायदा रांगेवर दिसला. १९०८ मध्ये ८५० डॉलरच्या आसपास असलेली किंमत १९२० च्या दशकाच्या मध्यात सर्वांत स्वस्त दोन आसनी गाडीसाठी २६० डॉलरपर्यंत उतरली.

भारतात या गाड्या आल्या होत्या का?

आल्या होत्या. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांसाठी उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्या मुख्यतः फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडून येत. त्याच कंपनीने १९२६ साली भारतात आपली उपकंपनी काढली, आणि सुट्या भागांतून गाड्या जुळवण्याचं काम मुंबईतही चाललं. पण तेव्हा टीचे दिवस संपत आले होते, त्यामुळे मुंबईच्या जुळणीशी पुढच्या मॉडेलांचा संबंध अधिक.

मग ती बंद का झाली?

रस्ते सुधारले आणि गिऱ्हाईक बदललं. पक्क्या रस्त्यावर लोकांना वेग हवा होता, चारही चाकांना ब्रेक हवे होते, बसायला आराम हवा होता. शेव्हरोलेसारखे प्रतिस्पर्धी थोड्या जास्त किमतीत ते देत होते. दोन गिअर आणि २० हॉर्सपॉवर आता अपुरे पडत होते. फोर्डने हे मान्य करायला फार उशीर केला, याबद्दल मला शंका नाही. १९२७ च्या डिसेंबरात आलेल्या नव्या मॉडेल ए मध्ये ४० हॉर्सपॉवर, तीन गिअर आणि चारही चाकांना ब्रेक होते. आडवे पाटे मात्र त्यातही राहिले, आणि फोर्डच्या गाड्यांत ते १९४८ पर्यंत टिकले.

आज एखादी मॉडेल टी हाती आली तर आधी काय तपासावं?

मागच्या धुऱ्याची पेटी उघडावी. डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी रचनेच्या) दोन्ही बाजूंना बॅबिट या मऊ मिश्रधातूचे वॉशर असतात. शंभर वर्षांत ते आतल्या आत भुगा होऊन पडतात, बाहेरून काही कळत नाही. ते गेले की दातेरी चाकं एकमेकांपासून दूर सरकतात, आणि पायाचा ब्रेक त्याच वाटेने जात असल्याने तोही जातो. त्या जागी ब्राँझचे वॉशर घालतात. गाडी कितीही चकचकीत दिसत असली आणि विकणारा कितीही खात्री देत असला तरी हे काम केल्याशिवाय उतारावर नेऊ नये.

त्यानंतर तळाच्या त्या दोन चकल्या, पट्ट्यांची अस्तरं, टायमर आणि चाकांचे लाकडी आरे. आरे हाताने हलवून बघावेत, करकर आवाज आला तर ते सुकून सैल झालेत. सुट्या भागांची चिंता करू नये. पट्ट्यांच्या अस्तरापासून कॉइलच्या संपर्कांपर्यंत बहुतेक भाग अमेरिकेत आजही नवे बनतात आणि मागवता येतात.